एकोणीस नंबरवर कोण बोलणार?

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या आपल्या पोरांना माझं एक सांगणं आहे: कानातला हेडसेट काढा आणि सीबी रेडिओ लावा, म्हणजे माईक हातात घेऊन आसपासच्या गाड्यांशी बोलायचा सेट; ट्रकवाले त्याच्या १९ नंबरच्या चॅनेलवर असतात. हे मी मराठी वर्तमानपत्रात लिहितोय, कारण त्या हेडसेटच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा तुम्हीच असता. कऱ्हाडात दिवेलागण झाली की घरच्यांना पोराची आठवण येते. त्या वेळी इकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, गाडी आयोवातल्या हायवेवर ताशी पासष्ट मैलांनी चाललेली असते आणि मागे ट्रेलरमध्ये वीस टन गोठवलेली कोंबडी असते. मग जमिनीची मोजणी, भाचीला आलेलं स्थळ, सोसायटीचं कर्ज, सगळं तासभर चालतं. पंजाबी पोरांचं तर त्याहून पुढचं. पाच-सहा जण दिवसभर एकाच कॉलवर, एक फ्रेस्नोत, एक टेक्सासात, एक टोरोंटोजवळ. गप्पांना माझा विरोध नाही. दिवसाला अकरा तासांपर्यंत गाडी हाकायची परवानगी आहे, आणि एवढा वेळ एकट्याने काढायचा तर माणसाचा आवाज लागतोच. पण टोरोंटोच्या मित्राला तुमच्या पुढच्या वळणापलीकडे काय उभं आहे ते दिसत नाही.

मी मूळचा कऱ्हाडचा. भोसरीत एका कारखान्यात लेथवर होतो. मेव्हण्याने कागदपत्रं केली म्हणून चाळिशी उलटल्यावर इकडे आलो, आणि हातात यंत्राचंच काम हवं म्हणून ट्रकचं लायसन्स काढलं. राहतो शिकागोच्या नैर्ऋत्येला, जोलिएटमध्ये. रिफर ओढतो, म्हणजे थंड पेटीचा ट्रेलर. गाडी स्वतःची आहे, हप्ते अजून बँकेचे आहेत.

कायद्याचं आधी सांगतो, कारण घरचे तेच विचारतात. २०१२ पासून अमेरिकेत मालवाहू गाडीच्या चालकाने चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. सापडला तर त्याला २,७५० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असं त्या नियमात म्हटलं होतं. हेडसेट चालतो. सीबीचा माईक मात्र हातात धरावा लागतो, तरी केंद्राच्या त्या बंदीत तो येत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. मला वाटत नाही. सीबीवरचं बोलणं पाच-दहा सेकंदांचं असतं आणि ते रस्त्याबद्दल असतं. भाचीच्या स्थळाचं बोलणं कानात अडकवलं काय आणि हातात धरलं काय, मन कऱ्हाडातच असतं.

फोनवर ओळखीची माणसं सापडतात, सीबीवर जवळची. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. सीबीला कायद्याने चार वॅट ताकद दिली आहे. चांगल्या अँटेनाच्या ट्रकचा आवाज सपाट मुलखात चार-पाच मैल, कधी सहा-सात मैल जातो, डोंगरात त्याहून कमी. लोक याला त्याची कमजोरी समजतात. ट्रकवाल्यासाठी तेच बरोबर माप आहे. पाच मैलांपलीकडचा माणूस मला आत्ता नको आहे. मला हवा आहे तो समोरून येणारा, दुभाजकाच्या पलीकडचा, कारण जिथे मी चार मिनिटांनी पोचणार आहे तिथून तो नुकताच आला आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, नंबर माझ्याकडे नाही, आणि पुन्हा आयुष्यात त्याची गाठ पडायची नाही. त्याच्याशी बोलायचा दुसरा कुठला रस्ता आहे, सांगा.

वायोमिंगमध्ये आय-८० या हायवेवर लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या मधला पट्टा आहे. १९७० मध्ये हा रस्ता एल्क माउंटनच्या पायथ्याने काढला. तिथला वारा आणि बर्फ माहीत असलेल्या गावकऱ्यांनी तेव्हाच नको म्हणून सांगितलं होतं. त्याला ‘स्नो ची मिन्ह ट्रेल’ असं नाव पडलंय. तिथे वरून बर्फ पडत नसतानाही जमिनीवरचा बर्फ वारा उचलतो आणि रस्त्यावर आडवा फेकतो. वर निळं आकाश, आणि बोनेटच्या पुढे पांढरी भिंत. एका हिवाळ्यात मी रॉलिन्सहून पूर्वेकडे निघालो होतो. फोनची रेंज गेलेली. रस्त्यावरचा विजेचा फलक वेग कमी करा म्हणत होता, पण तो अख्ख्या पट्ट्याला म्हणतो, कुठे काय आहे ते सांगत नाही. मैलाच्या मार्कर २५० च्या आसपास एक घोगरा आवाज आला: पूर्वेकडे जाणाऱ्यांनो, २५८ ला काहीच दिसत नाही, उजव्या लेनमध्ये दोन ट्रक उभे आहेत, एकाचे दिवे बंद आहेत.

या वाक्यात काय काय आहे बघा. दिशा आहे, जागा आहे, लेन आहे, आणि दिवे बंद आहेत ही गोष्ट आहे, जी कुठल्याही ॲपवर लाल रेघेत दिसणार नाही. मी पाय काढला, धोक्याचे दिवे लावले आणि तेच वाक्य मागच्यांसाठी पुन्हा बोललो. माझ्या मागून कुणीतरी ते उचललं, त्याच्या मागून आणखी कुणी. २५८ ला पोचलो तेव्हा मी माणूस चालतो त्या वेगाने होतो, तरी त्या बिनदिव्याच्या ट्रेलरची मागची पट्टी दिसली तेव्हा अंतर फार नव्हतं. भरलेली गाडी म्हणजे ८०,००० पौंड, छत्तीस टन. पासष्टच्या वेगाला ती कोरड्या रस्त्यावर थांबायला सव्वापाचशे फूट घेते. तो रस्ता कोरडा नव्हता.

२८ मार्च २०२२ ला पेनसिल्व्हेनियात आय-८१ वर अचानक आलेल्या बर्फाच्या झोतात ऐंशीच्या घरात गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. त्याची चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एकामागून एक ट्रक त्या पांढऱ्यात शिरतात, वेग कमी न करता. तिथे सीबी असता तर काय झालं असतं, असले हिशेब मी मांडणार नाही. पण ती चित्रफीत पाहताना माझा हात माईककडे जातो.

या रेडिओचा जुना डामडौल मला फारसा भावत नाही. १९७३ चं तेलसंकट, त्यानंतर जानेवारी १९७४ च्या कायद्याने देशभर आलेली ताशी पंचावन्न मैलांची वेगमर्यादा, डिझेलच्या भावावरून चिडलेले ट्रकवाले, त्यांनी सीबीवर जमवाजमव करून अडवलेले हायवे, तिथून वेड सुरू झालं. मग ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं, त्याच नावाचा सिनेमा, घरोघरी सेट. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीसुद्धा ‘फर्स्ट ममा’ असं टोपणनाव घेतलं होतं. गर्दी एवढी झाली की १ जानेवारी १९७७ पासून तेवीसचे चाळीस चॅनेल करावे लागले, आणि परवाने देऊन देऊन दमलेल्या सरकारने १९८३ मध्ये परवानाच काढून टाकला. या सगळ्यात लोकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं: सीबी म्हणजे पोलीस कुठे दबा धरून बसलाय ते सांगायचं यंत्र. आजही पोलिसाला ‘बेअर’ म्हणतात आणि कुठल्या मार्करला अस्वल बसलंय ते सांगतात. पण त्या कामाला आता ॲप आहे, आणि वेगाला लगाम कंपनीनेच इंजिनात घातलेला असतो. पोलिसाची बातमी गेली तर सीबीचं काही बिघडत नाही. उरलेलं काम मोठं आहे.

आता खरेदी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पोरं इथेच फसतात.

ट्रक स्टॉपला लागून सीबीचं दुकान असतं. आत काचेच्या कपाटात निळ्या, लाल दिव्यांचे सेट मांडलेले. दुकानदार गोड असतो. तो तुम्हाला आधी ‘टेन मीटर’ रेडिओ दाखवेल. हा कागदोपत्री हौशी रेडिओवाल्यांचा, ज्यांनी परीक्षा देऊन परवाना काढलाय त्यांचा. आतली एक जोडणी बदलली की तो सीबीच्या चॅनेलवर चालतो, आणि तसा वापरणं बेकायदा आहे. मग तो म्हणेल, थोडे पैसे टाका, सेट ‘पीक अँड ट्यून’ करून देतो. म्हणजे आतले स्क्रू पिळून ताकद वाढवायची. ताकद किंचित वाढते, आवाज फाटतो, आणि शेजारच्या चॅनेलवरचे लोक शिव्या देतात. मग ॲम्प्लिफायर, हाही बेकायदा. मग घुमणारा आवाज देणारी एको, आणि बोलून झाल्यावर टिंग वाजणारी घंटी. चौदा वर्षांच्या पोराला सायकलवर लावायला शोभेल असं हे सगळं सामान आहे, आणि त्याचं बिल पाचशे-सहाशे डॉलरवर जातं.

मी सांगतो ते घ्या. कोब्रा २९ सारखा साधा सेट, साधारण दीडशे डॉलरच्या आसपास. युनिडेन आणि प्रेसिडेंटचेही त्या तोडीचे आहेत. चार गोष्टी पाहायच्या: खरखर थांबवणारं स्क्वेल्चचं बटण, दूरचे आवाज गाळणारं आरएफ गेनचं बटण, येणाऱ्या आवाजाची ताकद दाखवणारा काटा किंवा दिवा, आणि अंधारात न पाहता हाताला सापडतील एवढी मोठी बटणं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लहान, चपटे, सगळं माईकवरच असलेले सेट दिसायला छान असतात. पण हातमोजे घालून, खड्ड्यावरून जाताना, बारीक बटण दाबून मेन्यूत शिरायचं म्हणजे फोनच झाला. मला गोल फिरणारं जाड बटण लागतं. लेथवर काम केलेल्या माणसाला डायलचं प्रेम असतं, असंही म्हणा हवं तर.

एएम की एफएम? २०२१ मध्ये सरकारने सीबीवर एफएमला परवानगी दिली आणि आता दोन्ही असलेले सेट मिळतात. एफएमवर खरखर कमी. पण १९ नंबरवरचा ट्रकवाला एएमवर आहे, आणि तो एएमवरच राहणार. तुम्ही एफएमवर गेलात तर स्वच्छ शांततेत एकटे बसाल. साइडबँड नावाचा तिसरा प्रकार असतो, त्यात बारा वॅटपर्यंत मुभा आहे. तो घरात बसून लांबलांबच्या लोकांशी बोलणाऱ्या हौशींचा. हायवेवर त्याचा उपयोग नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पैसे घालायचे ते अँटेनात. अर्धा खर्च सेटवर आणि अर्धा अँटेना, वायर, बसवणं यावर असं माझं गणित आहे, आणि दुकानदाराचं बरोबर उलटं असतं. कारण सोपं आहे. कायद्याने सगळ्यांचे चार वॅट सारखे. दीडशेचा सेट आणि पाचशेचा सेट यांच्यात जो फरक उरतो, तो अँटेना एका मिनिटात खाऊन टाकते. सीबीच्या लहरीची लांबी अकरा मीटर. तिच्या पाव भागाची, म्हणजे नऊ फुटांची काठी सर्वांत चांगली. पण गाडीची उंचीच साडेतेरा फुटांपर्यंत असते, वर नऊ फूट कुठून लावणार? म्हणून चार-पाच फुटांच्या काठीत तार गुंडाळून ती लहरीला लांब भासवतात. काठी जेवढी आखूड, तेवढा तोटा. दोन फुटांच्या देखण्या काड्या मिळतात, त्या घेऊ नका. निदान चार फुटांची घ्या आणि तिचा वरचा भाग केबिनच्या छताच्या वर निघेल अशी लावा, नाहीतर मागची ॲल्युमिनियमची ट्रेलरपेटी अर्धा आवाज गिळते. दोन आरशांवर दोन अँटेना लावायची फॅशन आहे. दोघींमध्ये नऊ-एक फुटांचं अंतर असेल तर तिचा काही अर्थ. एक नीट बसवलेली पुरे.

‘नीट बसवलेली’ म्हणजे काय, ते सांगतो. आयोवात वॉलकॉटला आय-८० वर मोठा ट्रक स्टॉप आहे, जगातला सर्वांत मोठा म्हणून तो मिरवतो. तिथे एका संध्याकाळी शेजारी लुधियानाकडचा एक तरुण उभा होता. नवी गाडी, नवा सेट, नवी अँटेना. म्हणाला, ‘अंकलजी, पैसे पानी में गए. कोई सुनता ही नहीं.’ मी म्हटलं, बेटा, मीटर लावू. माझ्याकडे एसडब्ल्यूआर मीटर असतो, पंचवीस-तीस डॉलरची डबी. सेटमधून निघालेली ताकद अँटेनातून बाहेर पडते की आदळून परत येते, ते तो दाखवतो. आकडा दीडच्या खाली असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर असेल तर माईकचं बटण दाबूच नये, सेटचा ट्रान्झिस्टर जळतो. त्याचा काटा शेवटाला जाऊन टेकला.

आरशाच्या दांडीवर जिथे अँटेनाचा बोल्ट बसतो, तिथे एक नायलॉनचा वॉशर असतो. नखाएवढा, पांढरा, त्याला मधे खांदा असतो. अँटेनाचा बोल्ट आणि दांडीचं लोखंड यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं, एवढंच त्याचं काम. खांदा भोकात बसला पाहिजे. ज्याने बसवलं त्याने वॉशर उलटा घातला होता, खांदा वर. पान्याने आवळल्यावर बोल्ट लोखंडाला टेकला, आणि सगळी ताकद अँटेनात जायच्या आधीच गाडीच्या अंगात जिरत होती. बसवणाऱ्याने त्याचे साठ डॉलर घेतले होते. वॉशर सुलटा केला. आकडा उतरला, पण अडीचवर अडकला. दुसरं दुखणं दांडीत होतं. हल्लीच्या गाड्यांत बोनेट प्लास्टिकचं, आरसा रबराच्या बुशवर. अँटेनाला खाली धातूची साथ लागते, तीच तुटलेली. दांडीपासून केबिनच्या लोखंडापर्यंत जाड वायर ओढली, टोकाचा रंग खरवडून. मग मोकळ्या जागी गाडी नेली, दारं बंद केली, आणि चॅनेल १ आणि चॅनेल ४० वर आकडा पाहिला. एकवर जास्त आला तर अँटेना आखूड आहे, टोकाचा स्क्रू वर घ्यायचा. चाळीसवर जास्त आला तर लांब आहे, खाली घ्यायचा. अर्धा-अर्धा फेरा, प्रत्येक वेळी पुन्हा मोजायचं. १.३ वर आणून सोडलं. तासभर गेला असेल. त्याने रेडिओ चेक मागितला तर एक्झिटवरून निघालेल्या कुणीतरी खणखणीत उत्तर दिलं. सेट तोच, पैसे तेच.

आणखी एक. वीज सिगारेट लायटरच्या खाचेतून घेऊ नका. डोक्यावरच्या कप्प्यात बहुतेक गाड्यांना सीबीसाठी लाल आणि काळा असे दोन खुंट काढून दिलेले असतात, तिथून घ्या. आणि खरखर फार येत असेल तर रेडिओला दोष द्यायच्या आधी स्वस्तातला मोबाइल चार्जर, डॅशकॅमेरा, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहा. चोर बहुतेकदा त्यातच सापडतो.

दिवसा कधीकधी दक्षिणेकडचे, शेकडो मैलांवरचे आवाज १९ वर कोसळतात. सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याचा तो परिणाम, वरच्या वातावरणावरून लहरी उडी मारून येतात. २०२४ च्या आसपास तो फेरा भरात होता, त्या दिवसांत जवळच्याचं बोलणं त्या गोंगाटात बुडायचं. तेव्हा आरएफ गेन कमी करायचा, म्हणजे दूरचे गळतात. एरवी स्क्वेल्च खरखर थांबेल तिथपर्यंतच फिरवा, पुढे नाही. पुढे फिरवलात तर सेट गप्प राहील आणि तुम्हाला वाटेल की रस्त्यावर कोणी नाही. सीबी मेला असं म्हणणाऱ्यांच्या गाडीत मी स्क्वेल्च शेवटापर्यंत फिरवलेला पाहिलाय.

तरीही खरं तेच सांगायचं. १९ वर आता पूर्वीची गर्दी नाही. मिसूरीत रात्री दोन-दोन तास कोणी बोलत नाही. आणि जे बोलतात त्यातले काही ऐकवत नाहीत. घाण शिव्या, बायकांबद्दलचं बोलणं, आणि पगडीवाल्यांबद्दल, आमच्या उच्चारांबद्दल जे काही ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा मी ट्रेलरच्या टायरची साल रस्त्यात पडली आहे असं सांगितलं, तर एकाने माझ्या उच्चाराची नक्कल करून दाखवली. दुसरा त्याला म्हणाला, गप्प बस, मला मार्कर ऐकायचाय. आपली पोरं पहिला माणूस ऐकतात आणि सेट बंद करतात, दुसऱ्यापर्यंत थांबत नाहीत. चॅनेल १९ हा एस.टी. स्टँड आहे. तिथे पाकीटमार असतो म्हणून आपण गाडी किती वाजता लागणार हे विचारायचं सोडत नाही. शिवाय साधा हिशेब आहे. या देशात आज ट्रक चालवणाऱ्यांत पंजाबी, पूर्व युरोपातले, सोमाली, मेक्सिकन किती आहेत ते कुठल्याही ट्रक स्टॉपच्या आवारात उभं राहून पाहा. एवढी माणसं गप्प बसली तर उरलेला तोंडाळ माणूसच रेडिओचा मालक होणार. मला १९ वर ‘बॉम्बे’ म्हणतात. कुठला आहेस विचारल्यावर कऱ्हाड म्हणून कोणाला कळणार होतं? गावाकडे कळलं तर हसतील.

सुट्टीत कऱ्हाडला आलो की मालवाहतुकीतले जुने मित्र विचारतात, आपल्याकडे हे चालेल का. २००५ पासून भारतातही २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात पाच वॅटपर्यंतच्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट आहे. अमेरिकेतला १९ नंबर २७.१८५ वर, म्हणजे त्याच पट्ट्यात येतो. मात्र उपकरणाला सरकारी मान्यता लागते, बाकीच्या अटीही आहेत. अमेरिकेतून सेट पिशवीत घालून नेला आणि लावला, असं करू नये. आणि एकट्याने लावून उपयोगही नाही, पलीकडे ऐकणारा हवा. आज बोर घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. पावसाळ्यातल्या धुक्यात ती फांदी दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. खोपोली ते कुसगाव हा एकोणीस किलोमीटरचा तुकडा आहे. रोज तिथून चढणारे-उतरणारे टँकर आणि कंटेनर ठरलेले आहेत, त्यांचे मालकही ठरलेले आहेत. वाहतूकदारांच्या एखाद्या संघटनेने अटी वाचून, मान्यतेचे सेट घेऊन, एका पावसाळ्यापुरता, त्या एकोणीस किलोमीटरपुरता प्रयोग करून पाहावा. चालकांना शिकवायला अर्धा तास पुरेल: कुठल्या दिशेने, किलोमीटरचा दगड कितवा, कुठली लेन, काय दिसलं, आणि बोलून झालं की बटण सोडा, दाबलेलं असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही.